सगळ्यात लांब शब्द कोणाचा?

मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधून आणा. ज्याचा शब्द सगळ्यात लांब, त्याचा पहिला नंबर. मला वाटलं, मुलं पुस्तकं चाळतील, डिक्शनरी उघडतील, घरी मोठ्यांना विचारतील. दुसऱ्या दिवशी वह्या घेतल्या तर 11 जणांच्या वहीत एकच शब्द. अनकॉपीराइटेबल! 15 अक्षरं, पाचही स्वर आहेत, शिवाय एकही अक्षर दोनदा आलेलं नाही. शब्द झकास आहे, यात वाद नाही. पण अर्थ विचारला तर 11 जण एकमेकांकडे बघायला लागले. "मॅडम, मोबाइलवर हाच पहिला आला."

एका मुलीने मात्र 'प्रिकॉशन्स' लिहून आणलं होतं. 11 अक्षरं. तिच्या घरी फोन एकच, तो वडिलांबरोबर शेतावर जातो. तिने हा शब्द फवारणीच्या औषधाच्या डब्यावरून उतरवून घेतला होता. अर्थ विचारला तर म्हणाली, "औषध मारायच्या आधी घ्यायची काळजी. तोंडाला फडकं बांधायचं, जेवायच्या आधी हात धुवायचे." आणि मी काय केलं? नियम माझाच होता, त्यामुळे पहिला नंबर त्या 11 जणांना दिला आणि तिला नुसतं "छान" म्हणून पुढे गेले. ते आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. अक्षरांवरून शब्द शोधायचा खेळ वर्गात हवाच. पण लांबी मोजून नंबर काढणं बंद करायला हवं.

खेळ का हवा, ते सांगते. आपली मुलं मराठीत ऐकलं की लिहितात. 'कमळ' ऐकलं, 'कमळ' लिहिलं. तीच सवय इंग्रजीत नडते. 'एज्युकेशन' हा शब्द कानाने ऐका. त्यात ओ कुठे ऐकू येतो? शेवटच्या 'शन'मध्ये टी, आय, ओ, एन अशी चार अक्षरं दडून बसली आहेत, ती कानाला कळतच नाहीत. म्हणून तर वहीत 'केसन' येतं! पण 'ओ असलेला शब्द शोध' म्हटलं की मूल कान बाजूला ठेवून डोळ्याने शब्द बघायला लागतं. स्पेलिंग दहादा लिहून जे होत नाही, ते इथे शोधताना होऊन जातं.

आणि पाच स्वरांचे शब्द शोधायला इंटरनेट कशाला हवं? 'एज्युकेशन' स्वतःच तसा आहे, 9 अक्षरांचा. गणितातलं 'इक्वेशन' 8 अक्षरांचं, सिनेमातला 'डायलॉग'ही 8 अक्षरांचा (शेवटी यू, ई लावून लिहा). बाजारात दुकानाच्या पाटीवर 'ऑथराइज्ड डीलर' असतं, त्यातला पहिला शब्द बघा. आणि आपली फ्लॉवरची भाजी! 'कॉलीफ्लॉवर', 11 अक्षरं, पाचही स्वर एकेकदाच. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, काल डब्यात हीच होती, पण मला माहीतच नव्हतं."

'फेव्हरिट'वरून तर एकदा भांडणच झालं. एकाच्या पुस्तकात त्यात यू होता, दुसऱ्याच्या मोबाइलवर नव्हता. दोघंही बरोबर होते. आपण ब्रिटिश पद्धतीचं स्पेलिंग शिकवतो, अमेरिकेत तो यू गाळतात. ब्रिटन आणि अमेरिकेच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो हे मी एरवी कधी शिकवलं असतं, कोण जाणे.

आता लांबीबद्दल. पालकसभेत एक वडील म्हणाले, "मॅडम, शेजारच्या मुलाला 45 अक्षरांचा शब्द पाठ आहे. आमच्याला का येत नाही?" तो शब्द म्हणजे फुप्फुसाच्या एका आजाराचं नाव. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकपासून सुरू होऊन कोनिओसिसपर्यंत जातं. मी त्यांना सांगितलं, हा शब्द कुठल्या डॉक्टरला गरज पडली म्हणून झालेला नाही. 1935 साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांनी, एव्हरेट स्मिथ यांनी, तो मुद्दाम लांब म्हणून रचला. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण ते हसले.

मोजायचेच असतील तर शब्दातले तुकडे मोजा. तोच अनकॉपीराइटेबल घ्या. अन, कॉपी, राइट, एबल. चार तुकडे. कॉपी आणि राइट पाचवीच्या पोराला येतातच. अन म्हणजे नाही, एबल म्हणजे करता येण्याजोगं. 'ज्यावर लेखकाचा हक्क नोंदवता येत नाही असं' हा अर्थ मग मुलं जवळजवळ स्वतःच लावतात. मराठीत 'अपेक्षित'ला 'अन' लागून 'अनपेक्षित' होतं, तसंच इंग्रजीत 'एक्स्पेक्टेड'चं 'अनएक्स्पेक्टेड'. 'चांगुलपणा'तला 'पणा' आणि 'काइंडनेस'मधला 'नेस' एकच काम करतात. हे एकदा दाखवलं की लांब शब्दाची भीती निम्मी कमी होते.

आमचे एक सहकारी सर म्हणतात, "मोबाइलवर शोधणं हेही कौशल्यच आहे की." असेल ना. पण सगळी अक्षरं टाकली की तयार यादी समोर येते, त्यात मुलाने शोधलं काय? आणि ज्याच्या घरी फोन मोकळा नसतो त्याने काय करायचं? सरांचा आणि माझा हा वाद अजून मिटलेला नाही.

यंदा मी नियम बदलला आहे. शब्द घरातल्या, रस्त्यावरच्या किंवा पुस्तकातल्या वस्तूवर छापलेला हवा, तो कुठे दिसला ते सांगायचं, आणि तो वापरून एक वाक्य करायचं. इंग्रजीत जमलं नाही तर मराठीत चालेल. साबणाचे कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटं, खताच्या पोत्याचे तुकडे असं काय काय वर्गात येतंय. टेबलाचा खण भरून गेलाय. एका वहीत तर 'अर्धा शब्द फाटला होता मॅडम, उरलेला मी ओळखला' असं लिहिलेलं होतं. शब्द होता 'रेग्युलेशन'. तिने फाटलेला भाग बरोबर भरला होता, टी, आय, ओ, एन.