ओपनिंगला कोण जाणार?

शाळेत खो-खो खेळलेल्यांनी जरा आठवून बघा. बचावाला तिघातिघांच्या तुकड्या आत जायच्या. कोण कोणत्या तुकडीत, हा क्रम सरांनी आधीच लिहून दिलेला असायचा आणि पहिल्या तुकडीत नाव नसलं की काही जणांची तोंडं पडायची. खरं तर पहिल्या तुकडीचं काम हिरोगिरीचं नसतंच. समोरचे पाठलाग करणारे ताज्या दमाचे असतात. त्यांना पळवून पळवून दमवायचं, जमेल तेवढा वेळ खायचा आणि कोण कुठे कमी पडतंय ते मागच्यांना दिसू द्यायचं, एवढंच.

पोकेमॉन गो या मोबाइल गेममधल्या लढतींतही असेच तीन गडी असतात. आणि तिथेही पहिला कोण, हाच सगळा लोचा आहे.

आता 'पोकेमॉन? या वयात?' म्हणून पान उलटू नका, प्लीज. वेफर्सच्या पाकिटातले टॅझो जमवणारी, दप्तर फेकून कार्टून नेटवर्कसमोर बसणारी पिढी आज ईएमआय भरतेय. हा गेम २०१६ च्या जुलैत परदेशात आला, तेव्हा भारतात यायची वाट न बघता आपल्यातल्या अनेकांनी जुगाड करून तो मोबाइलवर चढवला होता. अधिकृत एंट्री त्याच वर्षी डिसेंबरात, जिओच्या हातात हात घालून झाली. मधल्या काळात गुजरात हायकोर्टात याचिकासुद्धा झाली, देवळांच्या ठिकाणी अंडी मिळतात म्हणून! (गेममधली अंडी हो. ज्यातून पोकेमॉन निघतात ती.)

लढतींची लीग आली २०२० मध्ये. सुरुवातीला ठरावीक किलोमीटर चालल्याशिवाय सामनेच उघडायचे नाहीत. मार्चमध्ये कोविडने सगळ्यांना घरात कोंडलं आणि ती अट उचलावी लागली. तेव्हापासून लोळत लढायची सोय झाली आणि आमच्या वर्तकनगरच्या घरात रात्रीच्या जेवणाचा विषय बदलला.

नियम दोन मिनिटांत सांगते. ग्रेट लीग म्हणजे कुस्तीतला वजनी गट समजा. १५०० सीपीच्या वरचा गडी चालत नाही. प्रत्येकाकडे तीन पोकेमॉन आणि दोन शील्ड. छोटे वार सतत चालू असतात, त्यातून एनर्जी जमते, पुरेशी जमली की मोठा वार करायचा. शील्ड टाकलं की समोरच्याचा मोठा वार जवळजवळ फुकट जातो. एकूण १८ प्रकार आहेत. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला, अशी ही साखळी. भारी वार १.६ पट लागतो. समोरच्याच्या अंगात दोन प्रकार असतील आणि तुमचा वार दोन्हींवर भारी असेल, तर २.५६ पट. म्हणजे चटणीच.

आणि खरी गोम बदलीत आहे. एकदा गडी बदललात की ठरावीक सेकंद पुन्हा बदलता येत नाही. समजा, मी पहिला पाठवला आगीचा, समोरून आला पाण्याचा. मी घाबरून लगेच गवताचा आणला. आता समोरचा शांतपणे आपला आगीचा काढतो. माझं बदलीचं घड्याळ चालू, मी अडकले! त्याच्या छोट्या वारांनी माझं गवत जळत राहतं आणि मला नुसतं बघत बसावं लागतं. पहिली जोडी चुकली म्हणून सामना जात नाही, तर ती चुकल्यावर जी घाई होते त्यात तो जातो. आधी कोण बदली करायला भाग पडतो, हा या खेळातला अर्धा खेळ आहे.

आता आमचे चिरंजीव. म्हणजे माझा धाकटा भाऊ. नोकरी वागळे इस्टेटमध्ये, जीव उपवनच्या काठावर. बुधवारी संध्याकाळी सहा ते सात गेममध्ये रेड अवर असतो. बाकीचे ठाणेकर त्या वेळी मुलुंडच्या अलीकडे लोकलमध्ये चेंगरत असतात. हा मात्र पाच पंचावन्नला तलावाजवळ हजर. लीगमध्ये २००० रेटिंगला 'एस' हा किताब मिळतो आणि गेले दोन सीझन स्वारी १९०० च्या घरात घुटमळतेय. कारण एकच. रोज पहिला उतरणार तो चारिझार्ड.

"ताई, पहिलाच दणका असा पाहिजे ना, की समोरच्याची टरकली पाहिजे."

"टरकते रे, पण दर वेळी तुझीच."

चारिझार्ड म्हणजे आग आणि आकाश. त्याचा ब्लास्ट बर्न हा वार भयंकर आहे, वाद नाही. पण अंगात दम कमी. समोरून अझुमारिल किंवा स्वॅम्पर्ट असा कुणी पाण्याचा आला की खेळ खल्लास. दगडाचा वार तर त्याला दुप्पट झोंबतो. आणि समजा, समोरचा साधाच कुणी निघाला, तरी सुरुवातीला त्याच्याकडे दोन्ही शील्ड शाबूत असतात. म्हणजे इतका जमवून केलेला ब्लास्ट बर्न शील्डवर आपटून वाया.

हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी तो ऐकत नाही, त्याला एक कारण आहे. २०१८ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी रोज चालायची तंबी दिली. बाबा आयुष्यात कधी चालायला गेले नव्हते. भाऊ त्यांना मोबाइलच्या नादाने बाहेर काढायचा, वर्तकनगर नाक्यावरून उपवनला आणि परत. त्या मे महिन्यात चारमँडरचा कम्युनिटी डे होता. त्या तीन तासांत चारमँडरला वाढवून चारिझार्ड केलं की ब्लास्ट बर्न आपोआप मिळायचा. रणरणत्या उन्हात दोघं तलावाला फेऱ्या मारत होते आणि हा जो चारिझार्ड आहे, तो पकडायला बोट बाबांनी फिरवलं होतं. पहिल्याच चेंडूत! त्यामुळे त्याला मागे बसवायचं म्हटलं की भावाला ते बाबांनाच मागे बसवल्यासारखं वाटतं. आता यावर रेटिंगचं गणित काय सांगणार?

पण गणित आहे, आणि ते मला फार आवडतं. चांगला ओपनर कोण? सगळ्यात ताकदवान तो नव्हे. ज्याच्या वाईट जोड्या कमी, तो. दहा वेगवेगळे ओपनर समोर आणून बघा. त्यातल्या सातांपुढे तो निदान उभा राहिला पाहिजे, जिंकला नाही तरी एक शील्ड खाऊन पडला पाहिजे. छोट्या वारांतून एनर्जी पटापट जमवणारा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मागे बोलावलं तरी जमवलेली एनर्जी त्याच्याकडेच राहते. पुढे तो परत येतो तेव्हा बंदूक भरलेली असते. आणि तो मेलाच, तर त्याच्या मागचे दोघं समोरच्याला पुरून उरले पाहिजेत. ओपनर एकटा निवडताच येत नाही. मागच्या दोघांची दुखरी जागा झाकणारा तो ओपनर.

एक गंमत सांगते. आपल्याला वाटतं, सगळे आकडे १५-१५-१५ असलेला पोकेमॉन म्हणजे बेस्ट. ग्रेट लीगमध्ये बहुतेकांच्या बाबतीत उलटं असतं. सीपीच्या सूत्रात आक्रमणाला जास्त वजन आहे. त्यामुळे आक्रमण शून्य आणि बचाव, आयुष्य पंधरा-पंधरा असलेला गडी त्याच १५०० च्या मर्यादेत जास्त टिकतो. अप्रेझलमध्ये टोमणा खाल्लेले गरीब बिचारे इथे भाव खाऊन जातात.

शिवाय आजचा ओपनर उद्या चालेलच असं नाही. साधारण तीन महिन्यांनी सीझन बदलतो आणि वारांची ताकद वर-खाली होते. मेडिचॅम हा कितीतरी वर्षं ग्रेट लीगमधला भरवशाचा पुढचा गडी होता. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्या काउंटर या वाराची धार कमी केली आणि त्याचा दरारा ओसरला. अप्रेझलच्या महिन्यात बॉस बदलतो तसंच. मेडिचॅमने काहीच चूक केलेली नसते.

नवा गडी तयार करणं स्वस्तही नाही. दुसरा मोठा वार शिकवायचा तर स्टार्टर घराण्यातल्या पोकेमॉनला १० हजार स्टारडस्ट लागते आणि लेजंडरीला १ लाख. साधा पोकेमॉन पकडला की १०० मिळते. करा हिशोब. नुसतं पकडूनच जमवायची म्हटली तर लेजंडरीसाठी हजार वेळा चेंडू टाकायचे! म्हणून ओपनर बदलणं ही गंमत नसते, संध्याकाळच्या कित्येक फेऱ्या पणाला लागतात. भावाने जमवलेल्या स्टारडस्टमध्ये एकच नवा गडी बसणार होता.

जुन्या गेम बॉय-डीएसच्या जमान्यातली मंडळी इथे हसतील. २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये ओपनर म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. अझेल्फसारखा गडी पहिला उतरायचा, समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड पसरून ठेवायचा, म्हणजे नंतर येणारा प्रत्येक जण आत पाऊल टाकताच जखमी. मग स्वतःचाच स्फोट करून मोकळा! आत्मघातकी ओपनर. २०१० च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये लढतीआधी दोघांना एकमेकांचे सहाही गडी दिसायला लागले आणि त्या आंधळ्या कोशिंबिरीतली मजा निम्मी झाली. माझं मत विचाराल तर बरंच झालं.

कारण समोरचे सहा दिसत असताना पहिला कोण, हा प्रश्न जास्त रंगतो. पोकेमॉन गोच्या मोठ्या स्पर्धांत हेच असतं. सहा गडी जाहीर करायचे, दर गेमला त्यातले तीन गुपचूप निवडायचे, तीनपैकी दोन गेम जिंकायचे. आता डोकं चालवा. त्याच्या सहांत पाण्याचे दोन दिसताहेत, म्हणजे मी गवत आणेन असं त्याला वाटणार, म्हणून तो आग पुढे करणार, म्हणून मी...? पहिला गेम माझ्या ओपनरने जिंकून दिला तर दुसऱ्यात तोच आणायचा का? तो बदलेल म्हणून मी बदलायचं, की मी बदलेन असं त्याला वाटेल म्हणून तसंच राहायचं? तीनपत्तीत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि या डोकेफोडीत जगात पहिला आलाय आपला माणूस. २०२२ ला लंडनमध्ये पोकेमॉनच्या विश्वस्पर्धेत 'गो' पहिल्यांदा आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या अनाहाइमला त्याचं विजेतेपद घेतलं भारताच्या वेद बांबने, गेममधलं नाव बील्झीबॉय. ती स्पर्धा १५ ते १७ ऑगस्टची. मधला १६ तारखेचा शनिवार म्हणजे आपला गोपाळकाला. त्या दिवशी आमच्या वर्तकनगरात संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीला कोकण नगर गोविंदा पथकाने १० थर लावले होते. डीजेच्या दणदणाटात खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि माझा भाऊ कानात इअरफोन खुपसून अनाहाइमच्या बातम्या शोधत होता. विजेत्याचं नाव कळल्यावर तो जे ओरडला, ते शेजारच्या काकूंना दहाव्या थराबद्दल वाटलं.

त्या रात्री जेवताना परत तोच विषय. स्पर्धेतले दादा लोक ओपनर कसा निवडतात, वगैरे. बाबा इतका वेळ आमटी भुरकत होते. म्हणाले, "अरे, लग्नात घरचे लोक पहिल्या पंगतीला बसतात का? पहिली पंगत पाहुण्यांची. घरचे शेवटी, सगळं आवरल्यावर."

"बाबा, पण तो तुम्ही पकडलेला आहे."

"म्हणूनच म्हणतोय ना. घरचाच आहे तो."

भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्टारडस्ट खर्च झालेली दिसली. ओपनिंगला स्कार्मरी आला, पोलाद आणि आकाश असा सरळमार्गी पक्षी. दिसायला कळाहीन, पण बहुतेकांसमोर तग धरणारा. त्याला वीज आणि आग झोंबते, म्हणून मध्ये बदलीला स्वॅम्पर्ट, त्याचं दोन्हींपुढे चालतं. स्वॅम्पर्टला गवत मारतं, आणि गवत जाळायला सगळ्यात मागे चारिझार्ड. तोवर समोरच्याची दोन्ही शील्ड गेलेली असतात. मग ब्लास्ट बर्न जो बसतो, तो बघण्यासारखा असतो. पहिल्या संचात पाचपैकी तीन जिंकला, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. वीजवाला समोर आला की अजूनही त्याचा अंगठा बदलीकडे जरा लवकरच जातो. दोन सेकंद थांब, एक छोटा वार अजून मार, थोडी एनर्जी घे आणि मग बदल, हे मी मागून ओरडून सांगते आणि शिव्या खाते.

सध्या रेटिंग १९७४. बाबा सकाळी त्याचाच फोन खिशात टाकून फिरायला जातात, कारण चालण्यावर अंडी फुटतात आणि हा साडेआठपर्यंत झोपलेला असतो. आज दारात चपला घालताना त्यांनी मला विचारलं, "आजचं कितीचं आहे गं?"

"दहा किलोमीटरचं आहे, बाबा."

"दहा? मग आज येऊरच्या गेटपर्यंत जाऊन येतो, उरलेलं उद्या."