पाहुणा की प्रतिनिधी?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांपैकी कोणाला क्रिकेटचे वेड असेल, कोणाला शेरोशायरीचे, तर कोणाला गोष्टींच्या पुस्तकांचे. अशी आवड एकट्याने जोपासता येते. पण समान आवडीची चार माणसे भेटली, की तिची गोडी वाढते. म्हणूनच मुशायरे भरतात, साहित्य संमेलने भरतात.

आता अशी कल्पना करा. तुमच्या आवडत्या पुस्तकांच्या वाचकांचे एक मोठे संमेलन परदेशात भरणार आहे. तुमच्या मंडळातील फक्त एकाला तेथे जाता येईल. त्याच्या प्रवासासाठी सर्वांनी थोडी थोडी वर्गणी काढावी काय? की केवळ छंदापायी एवढा खर्च करणे म्हणजे उधळपट्टी? हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. सत्तरपेक्षा अधिक वर्षांपूर्वी काही वाचकांपुढे तो खरोखर उभा राहिला होता. त्यांनी त्याचे जे उत्तर दिले, ते मला पटते. ते का पटते, हे मी तुम्हांला सांगणार आहे.

प्रथम संमेलनाची ओळख करून घेऊ. विज्ञानकथा तुम्ही वाचल्या असतील. चंद्रावरची स्वारी, यंत्रमानव, काळाच्या मागेपुढे जाणारी यंत्रे असे विषय त्यांत असतात. अशा कथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन १९३९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात भरले. सुमारे दोनशे लोक आले होते. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, म्हणजे लॉस एंजेलिसहून आले. मर्टल डग्लस यांनी भविष्यकाळातील माणसांचे म्हणून खास पोशाख शिवले होते आणि ते घालून दोघेही शहरभर हिंडले. आज अशा संमेलनांत रंगीबेरंगी वेषभूषा दिसते, तिची सुरुवात अशी झाली.

या संमेलनाला थोडक्यात ‘वर्ल्डकॉन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ ही चार वर्षे ते भरू शकले नाही. त्यानंतर मात्र ते दरवर्षी भरत आले आहे.

वर्ल्डकॉनची एक रीत फार महत्त्वाची आहे. तेथे येणारा माणूस तिकीट काढत नाही. तो सभासद होतो. हा नुसता शब्दांचा फरक नाही. तिकीट काढणारा पाहतो आणि घरी जातो. सभासदाला मत असते. १९५३ साली सुरू झालेले ‘ह्यूगो पुरस्कार’ कोणत्या पुस्तकांना द्यायचे, हे सभासदच मतदानाने ठरवतात. पुढील एखादे संमेलन कोणत्या शहरात भरवायचे, हेही तेच ठरवतात. खुर्च्या मांडण्यापासून व्याख्यानांचे वेळापत्रक आखण्यापर्यंतची कामे हौशी माणसे करतात आणि त्यासाठी पगार घेत नाहीत. मुशायऱ्यात दाद देणारा श्रोता जसा मैफलीचा भाग असतो, तसाच येथे चाहता हा संमेलनाचा भाग असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात वॉल्ट विलिस नावाचे एक सरकारी नोकर राहत असत. त्यांना विज्ञानकथांचा मोठा शौक होता. १९४८ साली त्यांनी ‘स्लँट’ नावाचे एक छोटे हौशी मासिक सुरू केले. एकेक अक्षर हाताने जुळवून ते छापले जाई. हे मासिक टपालाने समुद्रापार जाई आणि तिकडून पत्रे येत. अमेरिकेतील ली हॉफमन यांच्या ‘क्वांड्री’ या हौशी मासिकात विलिस सदरही लिहीत. त्यांच्या विनोदी लेखनामुळे अमेरिकेतील कितीतरी वाचक त्यांचे मित्र झाले. पण या मित्रांनी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्या काळी ब्रिटनमध्ये महायुद्धाचे चटके अजून जाणवत होते. साखरसुद्धा रेशनवर मिळत होती. साध्या पगारदार माणसाला केवळ छंदासाठी अमेरिकेला जाणे परवडणारे नव्हते. तेव्हा फ्लॉरिडातील शेल्बी विक या चाहत्याने पुढाकार घेतला. त्याने विलिस यांच्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. वाचकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले. १९५२ साली विलिस बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचले आणि शिकागोच्या वर्ल्डकॉनला हजर राहिले. परत गेल्यावर त्यांनी आपल्या प्रवासाची सविस्तर हकिकत लिहिली. ज्यांनी वर्गणी दिली होती. पण ज्यांना शिकागोला जाता आले नव्हते, त्यांनाही त्या लेखनातून संमेलन पाहायला मिळाले.

येथे तुम्ही विचाराल, ‘पत्रे येत होती, मासिके जात होती, मग प्रत्यक्ष भेटण्याची गरज काय?’ आजच्या काळात तर हा प्रश्न अधिकच रास्त वाटतो. आता मोबाईलवर क्षणात बोलता येते, चेहराही दिसतो. याचे उत्तर ली हॉफमन यांच्याच उदाहरणात आहे. त्यांच्या ‘ली’ या नावामुळे पत्रव्यवहार करणाऱ्या बऱ्याच मंडळींना त्या पुरुष आहेत असे वाटत होते. १९५१ साली न्यू ऑर्लिन्सच्या संमेलनाला त्या स्वतः गेल्या, तेव्हा समोर एक तरुणी पाहून सगळे थक्क झाले! दुरून आपण माणसाचे एक चित्र मनात रंगवतो. त्या चित्रात माणसापेक्षा आपली कल्पनाच जास्त असते. समोरासमोर बसल्यावर कल्पना बाजूला होते आणि माणूस दिसू लागतो. म्हणून भेटीला दुसरा पर्याय नाही, असे मला वाटते.

विलिस यांच्या प्रवासानंतर वाचकांच्या मनात आले, की एकदाच असे का करावे? दर वेळी एकाला का पाठवू नये? यातून १९५३ साली ‘ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड’ हा निधी उभा राहिला. त्याला थोडक्यात ‘टॅफ’ म्हणतात. या निधीतून कधी युरोपातील चाहता अमेरिका खंडात जातो, तर कधी तिकडचा चाहता युरोपात येतो. १९५५ साली इंग्लंडचे केन बुल्मर अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संमेलनाला गेले. १९५७ साली वर्ल्डकॉन प्रथमच उत्तर अमेरिकेबाहेर, लंडनला भरले. तेव्हा अमेरिकेचे बॉब मॅडल तेथे गेले. न्यूयॉर्कच्या पहिल्या संमेलनात जे तरुण हजर होते, त्यांत मॅडलही होते. पुढे १९७२ साली अमेरिका खंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्येही असाच एक निधी सुरू झाला. टॅफ तर आजही चालू आहे.

या निधीचे नियम लक्षात घेण्यासारखे आहेत. उमेदवाराला पाच चाहत्यांचा पाठिंबा लागतो. त्यांतील तिघे त्याच्या बाजूच्या किनाऱ्यावरचे, तर दोघे पलीकडच्या किनाऱ्यावरचे असावे लागतात. म्हणजे जो आपल्याच गल्लीत प्रसिद्ध आहे, त्याचे काम भागत नाही. पलीकडेही त्याने स्नेह जोडलेला असावा लागतो. मतदान करणारा थोडी तरी वर्गणी देतो. कोणताच उमेदवार पसंत नसेल, तर ‘पैसे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा’ असेही मत देता येते. निवडून आलेल्या माणसाने परत आल्यावर प्रवासाची हकिकत लिहावी, अशी अपेक्षा असते. शिवाय पुढच्या माणसाला पाठवण्यासाठी निधी सांभाळण्याचे काम त्याच्याकडेच येते. काल ज्याला इतरांनी पाठवले, तो उद्या दुसऱ्याला पाठवण्याच्या कामाला लागतो. ही साखळी मला फार मोलाची वाटते.

आता टीकाकारांचे म्हणणेही ऐकू. ते म्हणतात, ‘एवढ्या पैशांत गरजूंना पुस्तके घेऊन देता आली असती. एका माणसाची हौस भागवण्यासाठी अनेकांचे पैसे का खर्च करावेत?’ हे म्हणणे हसून उडवून लावण्यासारखे नाही. जर जाणारा माणूस केवळ प्रसिद्ध लेखकाशेजारी उभा राहून फोटो काढणार असेल, दुकानांतून खरेदी करणार असेल आणि परत आल्यावर ‘मी जाऊन आलो’ अशी बढाई मारणार असेल, तर टीकाकारांचेच बरोबर आहे. तो खर्च खरोखर वाया गेला. पण जाणारा इतरांच्या वतीने पाहणार असेल, ऐकणार असेल, आणि ते सारे परत आणून सर्वांना वाटणार असेल, तर तो प्रवास एकाचा राहत नाही. पूर्वी एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारात जात असे. तो स्वतःसाठी जात नसे. त्याच्या नजरेने त्याचा सारा दरबार पाहत असे. परदेशी संमेलनाला प्रथम जाणाऱ्या चाहत्यानेही असेच जावे. पाहुणा म्हणून नव्हे, तर प्रतिनिधी म्हणून.

दुसरा आक्षेप मनातल्या मनात असतो. आपण तो कोणाला सांगत नाही. ‘तेथे सगळे एकमेकांना ओळखत असतील. माझी भाषा वेगळी, माझे उच्चार वेगळे. मला कोण विचारणार?’ ही भीती खोटी नाही. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना तर ती चांगलीच ठाऊक असते. पण हेही पाहा, की वर्ल्डकॉन आता केवळ इंग्रजी बोलणाऱ्या देशांत भरत नाही. २००७ साली ते जपानमधील योकोहामाला, २०१७ साली फिनलंडमधील हेलसिंकीला आणि २०२३ साली चीनमधील चेंगडूला भरले. अशा ठिकाणी अडखळत इंग्रजी बोलणारी माणसे शेकड्यांनी भेटतात. दोघांनी वाचलेले एक पुस्तक मध्ये असले, की चुकीच्या व्याकरणानेही गप्पा रंगतात. शिवाय वर्ल्डकॉनमध्ये मोठ्या सभागृहांबरोबर छोट्या बैठकाही असतात. तेथे एका मेजाभोवती एक लेखक आणि थोडेसे वाचक बसतात. नवख्या माणसाने आधी अशा बैठकीत बसावे. हजारांच्या गर्दीत जो बुजतो, तो दहाजणांत बोलू लागतो.

माझ्या मते प्रथम जाणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. जाण्यापूर्वी तेथील दोन-चार माणसांशी पत्राने ओळख करून घ्यावी. रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या भाषेतील एखादी गोष्ट इंग्रजीत सांगण्याची तयारी करून जावे. तेथे गेल्यावर एखाद्या दिवशी दोन तास तरी संमेलनाच्या कामाला हात लावावा, कारण खुर्च्या उचलताना होणारी मैत्री व्याख्यान ऐकताना होत नाही. आणि परत आल्यावर जे पाहिले, ते लिहून काढावे.

मात्र या सर्वांपेक्षा मोठी जबाबदारी तेथे आधीपासून असलेल्या माणसांची असते, हे विसरून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या पहिल्या संमेलनाची एक कडू आठवणही आहे. आयोजकांचे काही तरुण वाचकांशी भांडण होते. त्यांच्यापैकी सहाजणांना दारातूनच परत पाठवण्यात आले. त्या सहांत फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ हेही होते. पुढे हे दोघे नामवंत विज्ञानकथालेखक झाले! दारात उभा असलेला नवखा मुलगा उद्या कोण होणार आहे, हे दार अडवणाऱ्याला माहीत नसते. म्हणून आवडीच्या माणसांचे मंडळ कोणतेही असो, त्याची परीक्षा ते जुन्यांचा सत्कार कसा करते यावर होत नाही. नव्याला ते बसायला जागा कशी देते, यावर होते.

मित्रांनो, तुम्हांपैकी कोणी उद्या शिकागोला किंवा योकोहामाला जाईलही. पण हा धडा गिरवण्यासाठी समुद्र ओलांडायलाच हवा असे नाही. शेजारच्या गावातील शाळेत विज्ञान प्रदर्शन भरते, तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा होते, शहरात पुस्तकांचा मेळा लागतो. वर्गातील एकालाच तेथे जाता येत असेल, तर सर्वांनी मिळून त्याचे बसभाडे द्या. त्याने परत येऊन सर्वांना काय पाहिले ते सांगावे, आणि पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या भाड्यासाठी पहिली वर्गणी त्याने स्वतः द्यावी. तसेच, बाहेरचा एखादा मुलगा बिचकत तुमच्या मंडळाच्या दाराशी येऊन उभा राहिला, तर त्याचे नाव विचारा, थोडे सरकून बसा आणि त्याला आपल्याजवळ जागा द्या.