नाला खोल गेला, पाणी कुणाच्या मोटारीत गेले?

गावात पोकलेन आला की विकास आला, असे आपल्या डोक्यात भरवले गेले आहे. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. पुढे नाल्याकाठी नारळ फुटले, फलक लागले, फोटो निघाले. नंतर 'कॅग'ने सहा जिल्ह्यांतील 120 गावे तपासली आणि 2020 च्या अहवालात स्पष्ट लिहिले की, सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात या अभियानाला फारसे यश आले नाही. हा जनतेचा पैसा आहे. तो कुठे मुरला, हे विचारले की आम्ही विकासविरोधी!

पण नुकसान नुसते पैशाचे नाही. पाणलोटाचे शास्त्र 'माथा ते पायथा' सांगते. आधी डोंगरउतारावर समतल चर, बांधबंदिस्ती, गवत, झाडे. नाला सगळ्यात शेवटी. कंत्राटदाराला मात्र नालाच आधी दिसतो, कारण तिथे यंत्राचे तास लावता येतात. मग वाळू, मुरूम उपसत थेट काळ्या पाषाणापर्यंत जायचे. पाणी मुरवणारा थरच गेला की नाल्याचे गटार होते. शेजारच्या उथळ विहिरींतले पाणी त्या खड्ड्याकडे झिरपते आणि उन्हात उडून जाते. काठावरचे करंज, उंबर मुळासकट जातात, त्यांचा हिशोब कोणत्याच बिलात नसतो. प्रा. एच. एम. देसरडा या अशास्त्रीय खोदाईविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते.

आणि पाणी साठलेच, तर कुणाचे? ज्याची काठाला जमीन आणि जमिनीत मोटार, त्याचे. वस्तीतल्या भूमिहीन बाईच्या वाट्याला तोच हंडा, तोच टँकर. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. आज तळे सरकारी खर्चाने खोदले जाते आणि पाणी खासगी पाइपातून निघून जाते. शिवाय समतल चर, बांध ही हातांची कामे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर आपल्याच आयाबायांनी ती केली. यंत्राने त्यांची मजुरीही खाल्ली.

आता जलयुक्तचा दुसरा टप्पा आला आहे. तेव्हा ग्रामसभेत मागच्या बाकावर बसू नका. अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तिका मागा, माथ्यावर किती काम झाले आणि नाल्यात किती, ते विचारा. दिले नाही तर त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका.