परसबाग कुणाच्या रानात?

कर्जापायी नवरा गेलेल्या बाईला आपण शिलाई मशीन देतो, भाजीचं बी देतो, ‘मन रमव’ म्हणतो. कळंब तालुक्यात मीही हेच केलं. त्याच्या जुन्या धोतराची गोधडी शिवताना बाया रडतात, बोलतात, हलक्या होतात. हे खोटं नाही. पण एकीनं विचारलं, “ताई, रान दिराच्या ताब्यात. उद्या त्यानं वाफे मोडले तर?” मी गप्प झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलांइतकाच वाटा दिला. सातबाऱ्यावर तिचं नाव किती घरांत लागतं? मैत्रिणींनो, बियांच्या पुडीबरोबर वारसनोंदीचा अर्जही न्या, तलाठ्याकडे तिच्यासोबत जा. हक्क विसरायला लावणारं सांत्वन आपल्याला नको!