बीज कुणाचं, बोल कुणाला?



गरोदर बाईनं काय खावं आणि काय खाऊ नये, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. पपई खाऊ नकोस, ग्रहणात विळीला हात लावू नकोस, फार जेवू नकोस नाहीतर बाळ मोठं होऊन अडेल, असं सासू सांगते. पालेभाज्या खा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, असं दवाखान्यात सांगतात. आता त्यात गर्भसंस्काराचे वर्ग विकणाऱ्यांची भर पडली आहे. बाईनं काय ऐकत किती तूप खावं, याचं त्यांच्याकडे वेळापत्रकच असतं. या सगळ्या गलबल्यात बाळाचा बाप कुठेच नसतो. मूल होण्याआधी तो काय खात होता, काय पीत होता, त्याची तब्येत कशी होती, हे कुणी विचारत नाही. मूल कमी वजनाचं जन्मलं की बोल मात्र तिला.

आईच्या पोषणाचं महत्त्व मला कमी करायचं नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, त्यातून आईच्या शरीरातल्या बी-१२ सारख्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मुलाच्या पुढच्या आरोग्याशी संबंध दिसला. ते खरंच आहे. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही, असं आता संशोधनच सांगू लागलं आहे.

आपण शाळेत शिकलो ते असं, की बाप मुलाला जनुकं देतो आणि त्याचं काम तिथे संपतं. त्यानं आयुष्यभर काय खाल्लं याचा जनुकांवर परिणाम होत नाही. यातलं पहिलं वाक्य आजही खरं आहे. दुसऱ्याबद्दल शंका निर्माण झाली आहे. जनुकं म्हणजे पोथीतली अक्षरं समजा. ती बदलत नाहीत. पण कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, याच्या खुणा त्या पोथीवर असतात, आणि त्या खुणा खाण्यानं, उपासमारीनं, व्यसनानं बदलू शकतात. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. प्रश्न असा, की बापाच्या शुक्रजंतूंबरोबर यातलं काही मुलापर्यंत पोचतं का?

२०१० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला मार्गारेट मॉरिस यांच्या गटानं उंदीर-नरांना चरबीयुक्त खाणं घालून लठ्ठ केलं. माद्यांना मात्र नेहमीचंच खाणं होतं. या नरांपासून झालेल्या मुलींमध्ये (हो, मुलींमध्येच!) इन्सुलिन नीट तयार होत नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेत ऑलिव्हर रँडो यांच्या गटाला दिसलं, की कमी प्रथिनांवर वाढवलेल्या नरांच्या पिल्लांच्या यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या जनुकांचं काम बदललेलं असतं. २०१३ मध्ये कॅनडात सारा किमिन्स यांच्या प्रयोगात नरांच्या खाण्यातून फोलेट कमी केलं, तर त्यांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलं. फोलेट म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. आपण फक्त बायकांनाच देतो ती गोळी.

असे प्रयोग नरांवर करण्याचं एक कारण गमतीचं आहे. प्रयोगशाळेतला उंदीर-बाप शुक्रजंतूपलीकडे काहीच देत नाही. तो पिल्लांच्या पिंजऱ्यात नसतो, त्यांना वाढवत नाही. म्हणून जे काही पिल्लापर्यंत पोचलं ते शुक्रजंतूंतूनच, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. (ओळखीचे काही बाप तुम्हाला आठवले असतील, तर तो दोष माझा नाही.) पुढे २०१६ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या दोन गटांना शुक्रजंतूंमधल्या आरएनएच्या बारीक तुकड्यांत हा निरोप सापडला. २०२४ मध्ये जर्मनीतल्या म्यूनिकच्या संशोधकांनी दाखवलं, की दोन आठवड्यांचं चरबीयुक्त खाणंसुद्धा उंदरांच्या पक्व होत असलेल्या शुक्रजंतूंवर खूण सोडून जातं. माणसाचा शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे गर्भ राहण्याआधीचे तीन महिने बापाच्या बाबतीतही मोलाचे असू शकतात.

आणि माणसं? स्वीडनच्या उत्तरेला ओव्हरकॅलिक्स नावाचा परगणा आहे. तिथे जन्म-मृत्यूच्या आणि पिकांच्या जुन्या नोंदी नीट ठेवलेल्या होत्या. लार्स ओलोव्ह बीग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९०, १९०५ आणि १९२० साली जन्मलेल्यांच्या आजी-आजोबांना लहानपणी किती अन्न मिळालं असेल, हे त्यावरून काढलं. ज्यांच्या वडिलांच्या वडिलांनी साधारण नऊ ते बारा या वयात भरघोस पिकाची वर्षं पाहिली होती, ते नातू तुलनेनं लवकर गेले. उपासमारीनं नव्हे, सुकाळानं! २००६ मध्ये हा संबंध फक्त नातवांत दिसला, नातींत नाही. २०१८ मध्ये उप्सालाच्या बऱ्याच मोठ्या नोंदींतूनही नातवांबद्दल मिळतंजुळतं निघालं, मात्र ते मुख्यतः कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंबाबत.

हा पुरावा शिबिरात वापरताना हात जरा आखडता ठेवायला हवा. ओव्हरकॅलिक्समधली माणसं काही शेकडाच होती. उंदरांचं ते सगळं माणसाचं नसतं. गर्भ रुजताना बापाकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्याही जातात. शिवाय आपल्या घरांत आजा, बाप आणि नातू एकाच चुलीवरचं खातात, एकच कर्ज फेडतात. त्यांच्यात जे उतरलं ते शुक्रजंतूंतून की गरिबीतून, हे वेगळं काढणं अवघड आहे. मग मी एवढं का लिहिते आहे? कारण विज्ञान अर्धवट असलं, तरी दोषाची वाटणी आपल्याकडे पूर्ण झालेली आहे.

लीला दुबे यांनी १९८६ मध्ये बीज आणि क्षेत्र या कल्पनेवर महत्त्वाचा निबंध लिहिला. पुरुष बीज, स्त्री शेत. पीक बीजवाल्याचं, म्हणून मूल, नाव आणि वारसा बापाचा. त्यावर आपल्या बैठकांतून पुष्कळ बोलणं झालं आहे. पण या रूपकाची दुसरी बाजूही तितकीच लबाड आहे. पीक चांगलं आलं तर बीज जातिवंत. बुडालं तर जमीन नापीक. मुलगी झाली तर दोष जमिनीचा, हा समज खोडायला आपण एक्स-वायच्या गुणसूत्रांचे तक्ते घेऊन गावोगाव हिंडलो. आता तोच तक्ता थोडा पुढे न्यायचा आहे.

मात्र तो कसा न्यायचा, यात मोठी मेख आहे. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या एका बैठकीतली गोष्ट सांगते. पंचविशीची एक सून, दोन्ही बाळंतपणांत मूल दोन किलोच्या आसपास. नवरा हमाली करतो. सकाळी चहा-खारी, दुपारी मिळाला तर वडापाव, तोंडात दिवसभर तंबाखू आणि रात्री दारू. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या घराण्यात अशी पोरं कधी झाली नाहीत. हिच्याच अंगात काही नाही." गटातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "आणि मावशी, तुमचा लेक काय खातो?" सगळ्या हसल्या. मी बापाच्या आहाराबद्दल दोन वाक्यं बोलले. सासूबाईंनी ती मन लावून ऐकली आणि पुढच्या आठवड्यात सूनच येऊन सांगायला लागली, "ताई, अर्ध्या लिटरची पिशवी येते ना, त्यातलं माझं दूध आता त्यांना जातं. म्हणतात, तुमच्या ताईनंच सांगितलंय."

त्या घरानं शास्त्रातलं सोयीचं तेवढं उचललं. पुरुषाचं ताट आधी वाढायचं, ही रीत होतीच. आता तिला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला. खरं तर सिडनीच्या आणि म्यूनिकच्या उंदरांचं बिघडलं ते जास्तीच्या चरबीनं! पुरुषाला अधिक हवं असं हे संशोधन म्हणत नाही, नीट हवं असं म्हणतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. ताट कुणाचं रिकामं आहे, याबद्दल शंका नको.

दुसरा धोका याहून साधा आहे. डॉक्टरांनी "यांच्या खाण्याकडे लक्ष द्या" म्हटलं, की ते कुणाकडे बघून म्हणतात? तिच्याकडे. म्हणजे बापाचं पोषण हेही बाईचंच काम, आणि ते चुकलं तर पुन्हा तिचाच दोष. २०१४ मध्ये सारा रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एपिजेनेटिक्सच्या नावानं आयांना दोष देऊ नका असं बजावलं होतं. आपल्याकडे त्याला जोड द्यावी लागेल, की बापाचं जेवणही आईच्या खात्यावर मांडू नका.

आणि त्या हमालाला तरी किती बोलायचं? दिवसभर बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्याला नाक्यावर जे मिळतं ते तो खातो. पुण्यात हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली ती यासाठीच, कष्टकऱ्याला परवडेल असं नीट जेवण मिळावं म्हणून. बापाच्या आहाराचा प्रश्न हा असा मजुरीचा, कामाच्या वेळांचा आणि स्वस्त जेवणाचा आहे.

सरकारी योजनांतही बाप सापडत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली, त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच पूर्ण जेवण देण्याचं ठरलं. घरी दिलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला उरत नाही, हे आपण जाणतोच. ते जेवण तिचंच राहिलं पाहिजे, त्यात वाटेकरी नकोत. पण २०१३ मध्ये देशभर सुरू झालेला लोह-फोलिकच्या साप्ताहिक गोळीचा कार्यक्रम बघा. सरकारी शाळेतल्या मुला-मुलींना गोळी मिळते, शाळाबाह्य मुलींना अंगणवाडीतून मिळते. शाळाबाह्य मुलगा मात्र या यादीत नाही. हॉटेलात कपबश्या विसळणारा, वीटभट्टीवर राबणारा तो मुलगा पाच-सात वर्षांत कुणाचा तरी बाप होणार आहे. त्यालाही गोळी मिळावी, आणि पहिल्या तपासणीला बाईबरोबर नवऱ्याचंही वजन, साखर आणि तंबाखू-दारूची नोंद व्हावी, अशी मागणी गटांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात मांडायला हरकत नाही. तिचं काहीही कमी न करता.

आमच्या वस्तीत आता दर महिन्याला पुरुषांची बैठक ठरवली आहे. ती संध्याकाळी सातनंतर नाक्यावरच भरते. अंगणवाडीत ते येत नाहीत. पहिल्या बैठकीला नऊ जण आले, त्यातले चार अर्ध्यातून उठून गेले. त्या सुनेचा नवरा शेवटपर्यंत बसला होता. दुधाचं बोलणं निघालं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "मला काय माहीत, आई देते म्हणून पितो." पुढच्या खेपेला सासूबाईंनाही तिथेच बोलवायचं ठरलं आहे. तुमच्याकडे अशा बैठका होत असतील, तर पुरुष कशानं आले आणि कशानं टिकले ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी दोन पानं राखून ठेवते आहे.