वाङ्मयाची परीक्षा आणि वाचनाचे मोल

मार्च महिना सरत आला की विद्यापीठीय परीक्षांचे दिवस सुरू होतात. सत्रपद्धती आल्यापासून ते वर्षातून दोनदा येतात, एवढाच काय तो फरक. तालुक्याच्या गावातील अभ्यासिकेत रात्री अकरानंतरही पंखे फिरत असतात. तेथे एका कोपऱ्यात बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला मराठी हा विशेष विषय घेतलेला विद्यार्थी बसलेला असतो. त्याच्यासमोर कादंबरी नसते, कवितासंग्रहही नसतो. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या टीपा, मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एक गाइड, एवढीच त्याची सामग्री असते. मम्मटाने सांगितलेली काव्याची सहा प्रयोजने तो घोकीत असतो : यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ लाभणारा परमानंद आणि कांतेने करावा तसा मधुर उपदेश. सहाही तोंडपाठ झाली की तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांपैकी पाचव्या प्रयोजनाचा अनुभव त्याला या महिन्यात एकदाही आलेला नसतो आणि प्रश्नपत्रिका त्याविषयी काही विचारणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

या विद्यार्थ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. पहाटेची एस. टी. पकडून तो महाविद्यालयात येतो, दुपारी कोठेतरी अर्धवेळ काम करतो आणि सुगीच्या दिवसांत शेतावरही जातो. त्याच्यासारख्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. शाळेत एखाद्या शिक्षकाने वाचून दाखविलेली कविता मनात राहिली म्हणून त्याने हा विषय घेतलेला असतो. ‘मराठी घेऊन पुढे काय?’ हा वडिलांचा प्रश्न त्याने तीन वर्षे ऐकलेला असतो. अभ्यासिकेत शेजारी बसलेला मित्र पोलीसभरतीची किंवा स्पर्धापरीक्षेची तयारी करीत असतो. आपणही तेच करावे की बी. एड. ला जावे, हा विचार दर पाच पानांनंतर याच्या डोक्यात येऊन जातो.

अशा मनःस्थितीत तो मूळ पुस्तक बाजूला ठेवून गाइड उचलतो, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे विवेकाला धरून आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याची ती कहाणी. आजच्या विद्यार्थ्याला तिच्याइतकी जवळची कादंबरी विरळाच. पण ती अभ्यासक्रमात आली की तिचे ‘पांडुरंग सांगवीकर याचे व्यक्तिचित्र रेखाटा’ या प्रश्नात आणि ठरावीक सात-आठ मुद्द्यांत रूपांतर होते. मुद्दे लिहिणाऱ्यास गुण मिळतात. कादंबरी दोनदा वाचून स्वतःचे काही मांडू पाहणाऱ्यास अधिक गुण मिळतील याची खात्री नसते, उलट मुद्दे सुटण्याचा धोका मात्र असतो. वाचनाला वेळ लागतो आणि त्या वेळेचे परीक्षेच्या बाजारात मोल शून्य आहे. मग ग्राहकाने दुसरा कोणता निर्णय घ्यावा?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाची चर्चा करताना एक निरीक्षण नोंदविले होते. त्याचा पुढे रूढ झालेला आशय असा, की एखादे माप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप उरत नाही. वाङ्मयाच्या परीक्षेला हे तंतोतंत लागू पडते. विद्यार्थ्याने किती व कसे वाचले हे मोजण्यासाठी परीक्षा योजली गेली. आज ती न वाचता उत्तीर्ण होण्याची कला मोजते.

तोटा कोणाचा?

ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांचे यात फारसे बिघडत नाही. ते आज ना उद्या वाचतीलच. खरा तोटा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचा आहे. ग्रंथालय, जाणता शिक्षक आणि वाचावयास मोकळीक या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचा त्याच्या आयुष्यातील काळ हीच तीन वर्षे होत. ती टीपांमध्ये गेली तर पुढे नोकरी व संसाराच्या रेट्यात पुस्तकाकडे परतणे अवघड असते. पदवीने नोकरी मिळेल याचा भरवसा नाही आणि वाचनाची गोडीही गेली, असा हा दुहेरी तोटा आहे.

उपाय नवा नाही. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अपठित उतारा असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर आपण जेवढा विश्वास टाकतो तेवढा पदवीच्या विद्यार्थ्यावर टाकण्यास काय हरकत आहे? निदान निम्मे गुण प्रश्नपत्रिकेतच छापलेल्या, पूर्वी न पाहिलेल्या कवितेवर किंवा उताऱ्यावर असावेत. नेमलेल्या पुस्तकातील एखादे पानही द्यावे आणि ते संपूर्ण कृतीशी कसे जोडले आहे हे विचारावे. ज्याने पुस्तक वाचले आहे त्यालाच ते नीट सांगता येईल, गाइडवाल्याला नाही.

यावर आक्षेप येईल तो खर्चाचा, आणि तो गैरवाजवी नाही. ठरावीक मुद्द्यांचे उत्तर तपासणे झटपट होते. स्वतंत्र उत्तर तपासण्यास वेळ आणि जाण दोन्ही लागतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाकडून तुटपुंज्या मानधनात ही अपेक्षा करणे योग्य नव्हे. तेव्हा पदे भरणे आणि तपासणीचे मानधन वाढविणे हा या सुधारणेचाच भाग समजला पाहिजे. तो वगळून केवळ प्रश्नपत्रिका बदलली, तर अपठित उताऱ्यांचीही गाइडे निघतील.

मुंबई विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत झटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सर्वत्र आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु भाषेचे अभिजातपण तिचे ग्रंथ वाचणाऱ्यांवर अवलंबून असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची नव्याने आखणी होत असताना अभ्यासमंडळांनी विषयांच्या याद्यांइतकेच लक्ष प्रश्नपत्रिकेकडे द्यावे. अभ्यासिकेतील त्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडऐवजी मूळ पुस्तक उघडणे फायद्याचे वाटू लागले, तर त्यासाठी केलेला सारा खर्च भरून निघाला असे म्हणता येईल.