जुनी इलेक्ट्रिक मोटार : सौदा गाडीचा, जोखीम बॅटरीची

के. आर. पुरम (बंगळुरू) : येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाची ‘केए-५३’ ही नोंदणीमालिका लावलेल्या हिरव्या पाटीच्या मोटारी व्हाइटफील्डच्या रस्त्यांवर आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतील पहिल्या पिढीच्या गाड्या दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या आहेत. नवी इलेक्ट्रिक मोटार परवडत नाही, परंतु पेट्रोलचा खर्चही झेपत नाही, अशा नोकरदार कुटुंबाला या गाड्यांची उतरलेली किंमत आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही किंमत का उतरली, याचा विचार न करता केलेला व्यवहार महागात पडू शकतो.

पेट्रोल मोटारीचे इंजिन झिजले तर त्याचा आवाज, धूर आणि मायलेज यांवरून जाणकार मेकॅनिक अंदाज बांधतो. इलेक्ट्रिक मोटारीत सर्वांत महाग भाग बॅटरी असून तिची झीज बाहेरून दिसत नाही. त्यामुळे अशा गाडीचे मोल तिच्या वयापेक्षा बॅटरीची उरलेली क्षमता आणि उरलेली वॉरंटी या दोन गोष्टींवर ठरते.

बंगळुरूला हा प्रश्न नवा नाही. देशातील पहिली व्यापारी इलेक्ट्रिक मोटार म्हणून ओळखली जाणारी ‘रेवा’ २००१ मध्ये याच शहरातून बाजारात आली. तिच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागत आणि जुनी रेवा घेणाऱ्याला त्या खर्चाची तरतूद आधीच करावी लागे. २०१० मध्ये ही कंपनी महिंद्र समूहाकडे गेली आणि २०१३ मध्ये आलेल्या ‘ई२ओ’मध्ये लिथियम-आयन बॅटरी बसली. तंत्रज्ञान बदलले, बॅटरीचे आयुष्य वाढले; दुसऱ्या मालकाची चिंता मात्र संपली नाही.

या चिंतेला आता निश्चित तारीख आहे. टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३०.२ किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीसह आली. बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी होती. म्हणजे कमी धावलेल्या सुरुवातीच्या गाड्यांचीही वॉरंटी २०२८च्या प्रारंभापासून संपू लागेल. सहा वर्षे जुन्या गाडीचा खरेदीदार प्रत्यक्षात दोन वर्षांची हमी आणि त्यापुढील अनिश्चितता विकत घेत असतो.

‘आजीवन वॉरंटी’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. महिंद्रच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या मोटारींच्या बॅटरीवरील आजीवन वॉरंटी पहिल्या खासगी मालकापुरती आहे. मालकी बदलताच ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर इतकी होते. अन्य उत्पादकांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. शिवाय क्षमतेतील ठराविक मर्यादेपर्यंतची घट ही नैसर्गिक झीज मानली जाते आणि तिच्यासाठी दावा करता येत नाही.

खर्चाचा हिशेब मांडल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. घरी चार्जिंग केल्यास एका किलोमीटरला सुमारे एक रुपया लागतो. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि मायलेज १५ किलोमीटर धरले, तर हाच खर्च पावणेसात रुपयांच्या आसपास जातो. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाची बचत साडेपाच हजारांच्या घरात, म्हणजे पाच वर्षांत सुमारे ३ लाख ३० हजार रुपये होते. दुसरीकडे, ब्लूमबर्ग-एनईएफच्या २०२४च्या पाहणीनुसार बॅटरी संचाची जागतिक सरासरी किंमत प्रति किलोवॉट-तास ११५ डॉलर होती. डॉलरचा दर ८५ रुपये धरल्यास ३० किलोवॉट-तासांच्या संचाला २ लाख ९० हजारांहून अधिक रुपये लागतात. ही उत्पादकांना पडणारी किंमत आहे. ग्राहकाच्या बिलात कर, नफा, वाहतूक आणि मजुरीची भर पडते. वॉरंटीबाहेर एकदा बॅटरी बदलावी लागली, तर पाच वर्षांची इंधनबचत जवळपास पुसली जाते.

सार्वजनिक केंद्रावर अवलंबून राहणाऱ्याचे गणित आणखी आवळते. तेथे युनिटचा दर २० रुपये धरला, तर किलोमीटरचा खर्च तिप्पट होतो. घरगुती वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये मोकळीक दिली असली, तरी भाड्याच्या घरात किंवा निश्चित पार्किंग नसलेल्या इमारतीत ती कागदावरच राहते. ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही, त्याच्यासाठी जुन्या इलेक्ट्रिक मोटारीचा मुख्य लाभच दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो.

करआकारणीही दुसऱ्या मालकाच्या बाजूची नाही. नव्या इलेक्ट्रिक मोटारीवर ५ टक्के जीएसटी आहे. स्वतंत्रपणे घेतलेल्या बॅटरीवर तो १८ टक्के आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील बैठकीत जीएसटी परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्यांकडील जुन्या इलेक्ट्रिक मोटारींवरील दरही १२वरून १८ टक्के केला. हा कर पूर्ण किमतीवर नसून विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो आणि दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला तो लागू नाही. परंतु थेट व्यवहारात तपासणीची जबाबदारी पूर्णपणे खरेदीदारावर येते.

कागदपत्रांची जोखीम किती मोठी असते, हे २०२५ मध्ये दिसले. बंगळुरूतही सेवा देणाऱ्या ब्लूस्मार्टच्या इलेक्ट्रिक टॅक्सी त्या वर्षी एप्रिलमध्ये थांबल्या. गाड्यांचा पुरवठा करणाऱ्या जेनसोल इंजिनिअरिंगबाबत ‘सेबी’ने १५ एप्रिलच्या अंतरिम आदेशात नमूद केले, की ६,४०० वाहनांसाठी कर्ज घेतले असताना कंपनीने ४,७०४ वाहनेच खरेदी केल्याचे मान्य केले. टॅक्सीच्या ताफ्यातून बाहेर पडलेली गाडी अल्पकाळात भरपूर धावलेली आणि वारंवार जलद चार्जिंग झालेली असू शकते. तिच्यावर कर्जबोजा अथवा वादही असू शकतो. व्यावसायिक इलेक्ट्रिक वाहनाच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, खासगी वाहनाच्या पाटीवर पांढरी. परंतु नोंदणीचा प्रकार बदलला की पाटीही बदलते. म्हणून पाटीपेक्षा नोंदणीचा पूर्वेतिहास पाहणे श्रेयस्कर.

या परिसराची स्वतःची एक जोखीम आहे, ती पाण्याची. सप्टेंबर २०२२च्या पावसात महादेवपुरा आणि बाह्य वळण रस्त्याचा भाग जलमय झाला होता व अनेक वाहने पाण्यात अडकली. बॅटरी संच जलरोधक असला, तरी दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या गाडीच्या जोडण्यांचे नुकसान नंतर उघड होऊ शकते. अशा वेळी विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागणे महत्त्वाचे ठरते.

या सर्वांचा अर्थ जुनी इलेक्ट्रिक मोटार टाळावी, असा नाही. जिओटॅब या संस्थेच्या २०२४च्या विश्लेषणात बॅटरीची सरासरी घट वर्षाला १.८ टक्के आढळली. बंगळुरूचे सौम्य हवामानही बॅटरीला विदर्भाच्या उन्हाळ्यापेक्षा मानवते. धोका झिजलेल्या बॅटरीपेक्षा न तपासलेल्या बॅटरीचा अधिक आहे. अधिकृत सेवा केंद्राचा बॅटरी-आरोग्य अहवाल, वॉरंटी हस्तांतरित होत असल्याचे लेखी उत्तर, बॅटरी भाडेतत्त्वावर असल्यास तिचा करार आणि कर्ज फिटल्याचा ‘नमुना ३५’ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. महाराष्ट्रातून कर्नाटकात गाडी आणायची असल्यास ना-हरकत प्रमाणपत्राबरोबर कराचीही चौकशी हवी. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांहून महाग इलेक्ट्रिक मोटारींवर १० टक्के आजीवन कर लावला आहे.

युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पारपत्र बंधनकारक केले आहे. भारतात आजवरच्या सवलती प्रामुख्याने नव्या गाडीच्या पहिल्या खरेदीदाराला मिळाल्या. दुसऱ्या खरेदीदाराला सवलतीपेक्षा खात्रीलायक माहितीची गरज आहे. बॅटरीच्या आरोग्याचे प्रमाणपत्र मालकी हस्तांतराच्या अर्जाला जोडणे सक्तीचे झाले, तर प्रामाणिक विक्रेत्याला योग्य भाव मिळेल आणि मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला आंधळा सौदा करावा लागणार नाही.